वेल्डिंगचा गाडा : फुलंब्री परिसरातील लोखंडकामाची वाटचाल

फुलंब्री हे तालुक्याचे गाव छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, येथून सिल्लोड, अजिंठा आणि जळगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर, चौक्याचा घाट ओलांडल्यानंतर, गिरिजा नदीच्या खोऱ्यात वसलेले आहे. कापूस, मका आणि अद्रक पिकवणाऱ्या या भागातील अशा कोणत्याही रस्त्याकाठच्या गावात बी-बियाण्यांची दुकाने, पंक्चर काढणारे आणि ट्रॅक्टर दुरुस्त करणारे यांच्या रांगेत वेल्डिंगची दुकाने असतात, आणि त्या दुकानांच्या पुढे बहुधा एक विजोड दिसणारा लोखंडी गाडा उभा असतो. खाली अँगलची, म्हणजे काटकोनात वळलेल्या पट्टीची, चौकट, मागे दोन मोठी चाके, पुढे एक-दोन लहान चाके, मधोमध वेल्डिंगचे यंत्र, बाजूच्या आकड्यांवर गुंडाळलेली जाड केबल आणि ढकलण्यासाठी पाइपाचा दांडा, असे त्याचे सर्वसाधारण रूप असते. हा गाडा विकत आणलेला नसतो. ज्या दुकानात तो वापरला जातो तेथेच, भंगारातून, कामाच्या मोकळ्या वेळात तो जोडलेला असतो. त्याच्याकडे कारागिरीचा नमुना म्हणून कोणी पाहत नाही. तरीही लोखंडकाम करणारा माणूस एका जागी बसलेला असावा की हिंडता, हा प्रश्न मराठवाड्यात गेल्या दीडशे वर्षांत कसकसा सुटत गेला, याचा माग या गाड्याच्या घडणीत लागतो.

या इतिहासाचा आरंभ भूगर्भापासून करावा लागतो. मराठवाड्याचा बहुतेक भाग बेसाल्ट या ज्वालामुखीजन्य काळ्या कातळाचा आहे आणि त्यात भट्टीत वितळवण्याजोगे लोहखनिज मिळत नाही. दख्खनच्या पश्चिम कडेला, महाबळेश्वरच्या परिसरात, जांभ्या दगडातून लोखंड काढणारे धावड होते. पूर्वेला तेलंगणातील कोनासमुद्रम हे गाव उत्तम पोलादासाठी इतके नावाजलेले होते की त्याचा व्यापार इराणपर्यंत चाले. गिरिजेच्या खोऱ्यात मात्र लोखंड नेहमी बाहेरूनच आले. बाहेरून येणारी वस्तू महाग असते आणि महाग वस्तू फेकली जात नाही, त्यामुळे येथील लोहाराचे काम खनिजापासून धातू करण्याचे कधीच नव्हते, तर मोडलेल्या फाळाचे खुरपे आणि झिजलेल्या कुऱ्हाडीचा विळा करण्याचे होते. भंगारातून वस्तू घडवणे ही आजच्या टंचाईने शिकवलेली युक्ती आहे असे समजणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे की या प्रदेशात लोखंडकामाची दुसरी रीतच नव्हती.

गावात स्थायिक असलेला लोहार हा बारा बलुतेदारांपैकी एक होता. बलुतेदार म्हणजे वर्षभर गावाचे ठरावीक काम करून सुगीच्या वेळी प्रत्येक शेतकऱ्याकडून धान्याचा वाटा, म्हणजे बलुते, घेणारा कारागीर. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गाव-गाडा’ या ग्रंथात या व्यवस्थेचे तपशीलवार आणि बरेचसे कठोर चित्र आहे. लोहाराकडे नांगराचा फाळ, वखराची पास, म्हणजे जमीन खरवडणारे आडवे पाते, विळे, खुरपी आणि कुऱ्हाडी शेवटून देण्याचे, म्हणजे तापवून व ठोकून त्यांची धार पुन्हा काढून देण्याचे काम असे. लोखंड आणि कोळसा बहुधा शेतकऱ्याने आणावा, भाता ओढायला किंवा घण मारायलाही त्याच्याच घरचा माणूस यावा, आणि लोहाराने हातोडा, सांडशी व नजर लावावी, अशी ही विभागणी होती. या व्यवस्थेत लोहार हलत नसे. ऐरण जमिनीत पुरलेल्या लाकडी ठोकळ्यावर पक्की बसवलेली, भाता भिंतीशी बांधलेला, आणि काम त्याच्या दाराशी चालत आलेले.

बैलगाडीच्या चाकाला धाव चढवणे हे या लोहाराचे सर्वांत देखणे काम म्हणता येईल. धाव म्हणजे लाकडी चाकाच्या घेरावर बसवायची लोखंडी पट्टीची कडी. ती मुद्दाम चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान केली जाई, गोवऱ्यांच्या गोल जाळात लाल होईपर्यंत तापवून प्रसरण पावू दिली जाई, आणि दोघा-तिघांनी सांडशींनी उचलून चाकावर बसवताच तिच्यावर पाणी ओतले जाई. धूर आणि वाफ उठत असताना ती आकसे आणि तुंबा, आरे व घेर एकमेकांत आवळून धरी. या कामाला सुतार आणि लोहार दोघेही लागत, आणि त्यात एकाची चूक दुसऱ्याच्या माथी मारण्याला भरपूर वाव असे.

ही कडी जुळवण्यासाठी पट्टीची दोन टोके एक करावी लागत. ही जोडणी म्हणजे वेल्डिंगचेच जुने रूप होय. दोन्ही टोके उतरती ठोकून, पांढरी शुभ्र होऊन ठिणग्या फुटू लागेपर्यंत भट्टीत तापवली जात, वर वाळू किंवा टाकणखार टाकून पृष्ठभागावरचा लोहगंज वितळवला जाई, आणि मग एकावर एक ठेवून घणाच्या मोजक्या घावांत ती एकजीव केली जात. लोखंड येथे पूर्ण वितळत नाही. ते मऊ होते आणि दाबाने जुळते. उष्णता थोडी कमी पडली तर सांधा सुटतो, जास्त झाली तर टोक जळून जाते. त्यामुळे ही विद्या शिकायला वर्षे लागत आणि ती सहसा घराबाहेर जात नसे. शिवाय तिची मर्यादा उघड होती: जो तुकडा उचलून भट्टीत घालता येतो तोच जोडता येतो. उभ्या गाडीची मोडलेली चौकट जागच्या जागी जोडण्याचा मार्ग या विद्येत नव्हता.

बलुतेदार बसलेला असला तरी त्याच्या जोडीला हिंडणाराही होता. घिसाडी हा भटका लोहार समाज बैलगाडीत बिऱ्हाड आणि भट्टीचे सामान घालून गावोगाव फिरत असे, गावाबाहेर पाल ठोकून जमिनीत खड्डा करून भट्टी पेटवत असे, आणि रोख किंवा धान्याच्या मोबदल्यात अवजारे करून देत असे. या समाजात स्त्रिया घण मारतात. हे दृश्य मराठवाड्यातील बाजारगावांच्या कडेला आजही दिसते. महाराष्ट्र शासनाच्या याद्यांत घिसाडी समाज भटक्या जमाती (ब) या प्रवर्गात येतो. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की ज्याचे सगळे दुकान चाकांवर आहे असा लोखंडकामगार या रस्त्यांवर वेल्डिंगच्या गाड्याच्या कितीतरी आधीपासून होता, आणि त्याचे चाकांवर असणे ही त्याची निवड जेवढी होती त्यापेक्षा गावात हक्काची जागा नसण्याची किंमत अधिक होती.

लोखंडाच्या पुरवठ्यात मोठा बदल रेल्वेने केला. हैदराबाद संस्थानातील हैदराबाद–गोदावरी खोरे रेल्वेचा मीटरगेज मार्ग १९०० साली मनमाडपर्यंत पूर्ण झाला आणि औरंगाबाद व जालना ही गावे मुंबईच्या बंदराशी जोडली गेली. कारखान्यात लाटून काढलेल्या एकसारख्या जाडीच्या पट्ट्या आणि सळया बाजारात येऊ लागल्या. याच सुमारास दक्षिण महाराष्ट्रात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगराचे उत्पादन सुरू केले आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. लाकडी नांगराची जागा लोखंडी नांगर घेऊ लागला, तसतसे गावच्या लोहाराचे काम घडवण्याकडून दुरुस्तीकडे झुकले. मोटारींनी एक नवा कच्चा माल आणला. बस, ट्रक आणि जीप यांच्या चाकांवरचे कमानी पाटे, म्हणजे हादरे सोसण्यासाठी एकावर एक रचलेल्या लवचिक पट्ट्या, तुटले की लोहाराकडे येत, कारण त्यांतील कार्बनाचे प्रमाण जास्त असल्याने त्यांच्यापासून केलेल्या विळ्या-कोयत्यांची धार टिकते. जुन्या पाट्यांचा हा मान अजून कमी झालेला नाही.

विजेच्या ठिणगीने धातू जोडण्याची कला मात्र अगदी निराळ्या मुलखांत जन्मली. रशियन साम्राज्यात निकोलाय बेनार्दोस याने १८८० च्या दशकात कार्बनच्या कांडीने विद्युत्‌ज्योत पेटवून जोडकाम केले आणि १८८८ मध्ये निकोलाय स्लाव्यानोव याने कार्बनाऐवजी धातूचीच कांडी वापरली, जी ज्योत पेटवता पेटवता स्वतः वितळून सांध्यात भरली जाते. स्वीडनच्या ऑस्कर केलबर्गने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात या कांडीला खनिजांचा लेप दिला. लेप जळताना होणारा वायू आणि वर साचणारे काचेसारखे कवच वितळलेल्या धातूला हवेपासून वाचवते. आज दुकानात ज्याला नुसते ‘रॉड’ म्हणतात तो हाच. भारतात वायूने जोडण्याच्या पद्धतीसाठी ऑक्सिजन व ॲसिटिलीन पुरवणारी इंडियन ऑक्सिजन ही कंपनी १९३५ साली कलकत्त्यास स्थापन झाली, आणि १९५१ मध्ये मुंबईत स्विस सहकार्याने ॲडवानी-ओर्लिकॉन ही रॉड तयार करणारी कंपनी उभी राहिली. तोपर्यंत हे काम रेल्वेच्या, गोदीच्या आणि गिरण्यांच्या कार्यशाळांपुरतेच होते.

फुलंब्रीसारख्या गावात ते पोहोचायला आधी वीज पोहोचावी लागली. हैदराबाद संस्थान १७ सप्टेंबर १९४८ रोजी भारतात आले, मराठवाडा १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात सामील झाला आणि १९६० मध्ये महाराष्ट्र राज्याबरोबर महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळही स्थापन झाले. त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत विहिरींवरच्या मोटारींसाठी खेड्यांत थ्री-फेज वीज, म्हणजे तीन तारांतून येणारा जास्त क्षमतेचा प्रवाह, जाऊ लागला. जी तार मोटारीसाठी आली तिच्यावरच वेल्डिंगचा ट्रान्सफॉर्मर चालू लागला. हे यंत्र तत्त्वतः सोपे आहे: ते जास्त दाबाचा आणि थोडा प्रवाह घेते आणि कमी दाबाचा पण शंभर-दीडशे अँपिअरचा प्रवाह देते, ज्यामुळे रॉडच्या टोकाशी लोखंडाचा वितळणबिंदू, म्हणजे सुमारे १५३८ अंश सेल्सिअस, सहज ओलांडला जातो. आतल्या गुंडाळ्या आणि त्यांना गार ठेवणारे तेल यांमुळे ते शंभर-दीडशे किलोंच्या घरात जाई.

येथे एक उफराटी गोष्ट घडली. विजेच्या ज्योतीने जोड भट्टीतून मोकळा केला, उभ्या यंत्रावर, डोक्यावरच्या छताला, ट्रॉलीच्या पोटाखाली, कोठेही सांधा मारता येऊ लागला. पण कारागीर मात्र पूर्वीपेक्षा घट्ट बांधला गेला, कारण त्याचे यंत्र दोन माणसांना उचलत नव्हते आणि विजेची जोडणी भिंतीवर होती. दुरुस्तीला येणाऱ्या वस्तूही याच काळात अवजड झाल्या. लाकडी चाकांच्या जागी रबरी टायरची गाडी आली, जिला गावात डनलॉप गाडी म्हणत. १९८० नंतर ट्रॅक्टर आणि त्याच्या मागची दुचाकी व चारचाकी ट्रॉली वाढली. फुलंब्रीच्या देवगिरी सहकारी साखर कारखान्यासारखे कारखाने चालू असताना उसाच्या वाहतुकीने या ट्रॉल्यांचे सांधे हंगामभर खिळखिळे होत. उसाने भरलेली ट्रॉली दुकानात आत घेता येत नाही. ती रस्त्याच्या कडेला उभी राहते आणि यंत्राला तिच्यापर्यंत जावे लागते. दुकानाच्या दारापासून रस्त्याच्या कडेपर्यंतच्या त्या वीस-पंचवीस पावलांसाठी गाडा जन्माला आला.

गाड्याला लागणारे भंगार आणि तो जोडण्याचे हात, दोन्ही औरंगाबादच्या औद्योगिक वसाहतींनी पुरवले. रेल्वे स्टेशन आणि चिकलठाणा येथील वसाहतींनंतर वाळूज येथे मोठी वसाहत झाली आणि १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना तेथे सुरू झाला. त्याच्या भोवती सुटे भाग करणारे असंख्य लहान कारखाने उभे राहिले. पत्र्यातून भाग छापून काढल्यावर उरणारा भोकाभोकांचा पत्रा, पाइपांची कापलेली टोके, नाकारलेले कप्पे, बाद झालेली बेअरिंगे हे सगळे वजनावर भंगारवाल्याकडे आणि तेथून निवडून-निवडून खेड्यातल्या दुकानांत जाऊ लागले. त्याचबरोबर खेड्यातली मुले वसाहतीत कामाला लागली. शिल्पकार प्रशिक्षण योजना देशात १९५० पासून चालू होती आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील वेल्डरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा होता. पण अनेकांनी हे काम हेल्पर म्हणून उभे राहूनच उचलले आणि काही वर्षांनी गावी परतून दुकान टाकले. लोहार आणि घिसाडी यांच्या घरांपुरती असलेली जोडणीची विद्या अशा रीतीने सुतार, मुस्लिम, मराठा, दलित अशा कोणाच्याही हाती गेली. बलुतेदारीला याहून निर्णायक धक्का कोणत्या कायद्याने दिला असेल असे वाटत नाही.

गाडा जोडण्याची रीत पाहिली की या सगळ्या वारशांची सरमिसळ दिसते. प्रथम माल निवडला जातो. चौकटीसाठी दीड इंची अँगल आणि चौकोनी पाइप घेतात, कारण ते मऊ पोलादाचे, म्हणजे कमी कार्बनाचे, असतात आणि साध्या रॉडने बिनतक्रार जुळतात. कमानी पाट्याचा तुकडा कितीही मजबूत दिसला तरी जाणता कारागीर तो चौकटीत घालत नाही. ज्योतीने तापून झटकन गार होताना त्यातील कार्बनामुळे सांध्याच्या कडेचे पोलाद कडक आणि ठिसूळ होते आणि पहिल्याच खड्ड्यात तेथे चीर जाते. बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, तुकडाही याच कारणाने बाजूला ठेवतात. जुना पाण्याचा पाइप दांड्यासाठी सोयीचा, पण त्यावर जस्ताचा मुलामा असतो. तो घासून काढला नाही तर जळत्या जस्ताच्या पांढऱ्या धुराने रात्री थंडी वाजून ताप भरतो. त्यावर गूळ-दूध घेण्याचा रिवाज दुकानांत आहे. धुरापासून दूर राहणे हा अधिक खात्रीचा उपाय होय.

मग चौकट जमिनीवर मांडून तिचे दोन्ही कर्ण दोरीने मोजतात. दोन्ही सारखे भरले की चौकट काटकोनात आहे. चारही कोपऱ्यांना आधी नुसते टाके मारतात, म्हणजे ज्वारीच्या दाण्याएवढे ठिपक्यासारखे जोड देतात, आणि कर्ण पुन्हा तपासून मगच पूर्ण सांधे भरतात, तेही सलग एका बाजूने न भरता समोरासमोरच्या कोपऱ्यांत आळीपाळीने. कारण वितळलेला धातू थिजताना आकसतो आणि सगळी चौकट आपल्या बाजूला ओढतो. कारागीर याला ‘जॉब खेचतो’ म्हणतात. धाव चढवणाऱ्या लोहाराने ज्या आकसण्याला कामाला लावले होते तेच येथे शत्रू झालेले असते, आणि ते ओळखून पट्टी थोडी उलट्या बाजूला कलती ठेवणे हीच वेल्डरची खरी हुशारी समजली जाते. अशा कामाला सहसा दहा नंबरचा, म्हणजे ३.१५ मिलिमीटर जाडीचा रॉड लावतात आणि प्रवाह शंभर अँपिअरच्या आसपास ठेवतात. पातळ पाइपाला बारा नंबर, म्हणजे अडीच मिलिमीटर. सांधा भरल्यावर वरचे कवच ठोकणीने उडवतात. कवच सहज निघाले आणि खाली माशाच्या खवल्यांसारखी एकसारखी वीण दिसली तर हात बसला आहे असे मानतात.

चाकांच्या बाबतीत मात्र दुकानागणिक निराळा संसार असतो. कोठे मोपेडची चाके तिच्या मूळ आसासकट आलेली असतात, कोठे सायकलची, कोठे बाद बेअरिंगच चाक म्हणून खाली बसवलेले असते, जे फरशीवर सुरेख पळते आणि मुरमाच्या रस्त्यावर जागीच रुतते. मोठी चाके यंत्राच्या वजनाच्या जवळजवळ खाली, किंचित मागे घेतात, म्हणजे दांडा दाबताच पुढचा भाग अलगद उचलला जातो आणि सगळा भार हातावर न येता आसावर राहतो. बैलगाडी भरणारा शेतकरी धान्याची पोती आसाच्या पुढे-मागे सरकवून बैलांच्या मानेवरचे वजन जुळवतो, त्यामागचे गणित हेच आहे. वरच्या अंगाला रॉडसाठी झाकणाचा डबा करतात. ही चैन नव्हे. रॉडचा लेप पावसाळ्यात ओल धरतो आणि ओला रॉड ज्योत नीट धरत नाही, सांध्यात फुगे सोडतो.

वायूचे सिलिंडर असतील तर गाड्याचे शास्त्र अधिक कडक होते. ऑक्सिजनचा काळा सिलिंडर सुमारे दीडशे पट वातावरणदाबाने भरलेला असतो आणि तो आडवा पडून त्याची तोटी मोडली तर तो अग्निबाणासारखा सुटतो. ॲसिटिलीनचा लालसर तपकिरी सिलिंडर आतून सच्छिद्र पदार्थाने भरलेला असून वायू त्यात ॲसिटोन या द्रवात विरघळवलेला असतो, म्हणून तो उभाच वापरावा लागतो. वायू सिलिंडर नियमांमुळे या हाताळणीवर कायद्याची नजर आहे. अनेक लहान दुकानांनी खर्चामुळे सिलिंडरऐवजी कार्बाइडच्या खड्यांवर पाणी सोडून ॲसिटिलीन तयार करणारी टाकी चालवली, आणि भंगारातून जोडायच्या वस्तूंत ज्या वस्तूला हात लावू नये अशी ही एक आहे. गाड्याला पाठीशी उभी फळी आणि साखळी असणे हे त्यामुळे सौंदर्याचे नव्हे तर जिवाचे काम ठरते. साखळी मात्र पुष्कळ गाड्यांवर नुसतीच लोंबकळत असते.

अशा वस्तूंना हल्ली ‘जुगाड’ म्हणण्याची प्रथा आहे आणि त्या शब्दात कौतुकाइतकीच तुच्छताही असते. याच रस्त्याने अजिंठ्याचा डोंगर उतरल्यावर लागणाऱ्या जळगाव जिल्ह्यातील शेंदुर्णीचे गोपाळ मल्हारी भिसे यांनी जुन्या सायकलचे पुढचे चाक, चिमटा आणि हँडल यांना कोळप्याचे पाते जोडून बैलाविना चालणारे कोळपे केले, ज्याची दखल राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानाने घेतली आणि ज्याच्या आवृत्त्या पुढे दूरवर पसरल्या. भिसे यांच्या कोळप्याला नाव आणि कर्ता मिळाला. वेल्डिंगच्या गाड्याला तो मिळणार नाही, कारण तो एकाने शोधलेला नाही. गरज सगळीकडे एक होती, माल सगळीकडे जवळपास एकच होता, आणि उत्तरेही म्हणून एकमेकांसारखी निघाली. केंद्र सरकारने १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू केलेल्या विश्वकर्मा योजनेच्या अठरा व्यवसायांत लोहार आणि अवजारे करणारे आहेत, पण वेल्डर स्वतंत्रपणे नाही. नोंदणीच्या वेळी वेल्डिंगच्या दुकानदाराने स्वतःला काय म्हणवायचे हा प्रश्न त्यामुळे त्याच्यावरच राहतो. खंडेनवमीला मात्र तो ऐरण, ग्राइंडर, यंत्र आणि गाडा यांना एकाच ओळीत हळदकुंकू व झेंडू वाहतो.

गेल्या काही वर्षांत तेलाचा ट्रान्सफॉर्मर मागे पडून इन्व्हर्टर यंत्र आले, जे इलेक्ट्रॉनिक भागांच्या साहाय्याने प्रवाह बदलते आणि पाच-दहा किलोंतच बसते. कारागीर ते पट्ट्याने खांद्याला अडकवून मोटारसायकलवर शेतात नेतो आणि विहिरीवरच्या पेटीतून वीज घेतो. घिसाडी जसा कामाच्या ठिकाणी जाई तसा तोही जातो, फक्त संध्याकाळी घरी परततो. गाड्याची गरज आता संपली असे यावरून वाटू शकते. परंतु दाराची जाळी, खिडक्या आणि शेडचे काम वाढलेल्या दुकानांनी याच सुमारास वाळूजच्या कारखान्यांतली दुसरी पद्धत उचलली आहे, जिच्यात रॉडऐवजी रिळावरची बारीक तार आपोआप पुढे सरकते आणि कार्बन डायऑक्साइड वायू सांध्याचे रक्षण करतो. तिला रीळ हवे, तार ढकलणारी पेटी हवी आणि उंच सिलिंडर हवा. जुन्या गाड्यांच्या मागच्या बाजूला अँगलचे दोन तुकडे वाढवून सिलिंडरसाठी नवी फळी बसवलेली दिसते ती याचसाठी, आणि तिचे सांधे मूळ चौकटीच्या सांध्यांहून बारीक व सरळ असल्याने नंतरची भर सहज ओळखू येते.